उजव्या हातातली दोन बोटं

"पाय वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागेल. पण त्यात अर्धं अंग जाण्याचा धोका आहे," डॉक्टर म्हणाले. मी माझ्या थोरल्या दिरांकडे, दादांकडे, बघितलं. तेही माझ्याकडेच बघत होते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. उचगावात ट्रकमधून पत्रे उतरवताना थप्पी ह्यांच्या अंगावर घसरली. मांडीचं हाड मोडून बाहेर आलं आणि मानेतली डावी कॅरॉटिड आर्टरी, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी वाहिनी, चिरली. कोल्हापूरला आणल्या आणल्या ती शिवली. जीव वाचला म्हणून मी अंबाबाईला हात जोडले, तर आता हे.

माझं डोकंच चालेना. ऑपरेशन पायाचं, मग मेंदूचं मध्येच काय? डॉक्टरांनी दोनदा समजावलं. शिवलेल्या जागी क्लॉट, म्हणजे रक्ताची गुठळी, धरू शकते. भूल दिल्यावर रक्तदाब उतरला की धोका वाढतो. गुठळी मेंदूत गेली तर स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात. उजवी बाजू जाईल. थांबलो तर जखम चिघळून पाय जाईल. मी दोन्ही वेळा मान हलवली, कळलं काहीच नाही. देवाकडे पाय मागावा की हात, तेही सुचेना. शेवटी दादांनी सही केली.

ऑपरेशन झालं. हे शुद्धीवर आल्यावर नर्सनं मला काम दिलं. थोड्या थोड्या वेळानं ह्यांच्या उजव्या हातात दोन बोटं द्यायची आणि दाबायला सांगायचं. जोर नसला तर लगेच हाक मारायची.

मी बोटं दिली. "दाबा," म्हटलं. काही नाही. परत म्हटलं, तर ह्यांनी डोळेच मिटले. दादा भिंतीला टेकून रडायला लागले. मी हाक मारली, डॉक्टर धावत आले. त्यांनी स्वतःची बोटं दिली आणि कळवळून मागे ओढली.

"मग बाईंची का नाही दाबली?"

हे पुटपुटले, "दादा हाईत की समोर."

लग्न लागल्यापासून चारचौघांत आम्ही एकमेकांचा हात धरला नव्हता, हे खरंच. दादा डोळे पुसत बाहेर गेले. मग ह्यांनी माझी बोटं दाबली, आणि सोडलीच नाहीत.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना हाक मारायला कचरू नका. फक्त तपासताना वडीलधाऱ्यांना जरा चहाला पाठवा.

हे अजून लंगडतात. पायऱ्या उतरताना माझा हात धरतात. दादा समोर असले तरी.