एतिएन निघाला, बूट बांधतोय

आमच्या लॅबमध्ये एक ड्रॉवर आहे. त्यात जुन्या केबल्स, कशाचे ते कोणालाच माहीत नसलेले चार्जर, तुटके हेडफोन. मुद्दाम कोणी ठेवत नाही, टाकतही नाही. एतिएनचे किस्से तसेच साठलेत. चहाला चार जण जमले की एक बाहेर निघतो आणि त्यात गुंतलेले आणखी दोन वर येतात.

मी मूळचा पुण्याचा, इंजिनिअर. ऑकलंडच्या एका युनिव्हर्सिटीत भाषाशास्त्राच्या डिपार्टमेंटचं रेकॉर्डिंगचं सामान सांभाळतो. एतिएन आमचा प्रोफेसर. फ्रेंच, ताडमाड उंच, सदुसष्ट वर्षांचा. बाहेरून आलेली माणसं घरात आपली भाषा कशी बोलतात ते टेप करणं हा त्याचा धंदा. शेवटचा प्रोजेक्ट मराठीचा, ती त्याला चांगली कळायची. चाळीस घरं, चाळीस फाइल्स. पूर्ण चाळीस झाल्या तरच आर्काइव्ह त्या कायमच्या जपणार, नाहीतर सगळं कपाटात.

आज एकोणचाळीस आहेत. कपाट माझ्याकडे आहे. चाळिसाव्या फाइलचं काय झालं ते सांगतोच, पण आधी माणूस कसा होता ते ऐका.

*

भाषाशास्त्रज्ञ म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, तुम्हाला किती भाषा येतात? माउंट रॉस्किलला एका बार्बेक्यूला आमच्या अनघानं, म्हणजे बायकोनं, तेच विचारलं. ती फार्मसिस्ट आहे. एतिएन जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून सॉसेज परतत होता. भर थंडीतही जँडल्सच.

तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही दुकानातली किती औषधं स्वतः घेता?"

त्या दिवसापासून अनघाचं त्याच्याशी जे जमलं ते जमलंच.

*

तरुणपणी पीएचडीसाठी तो पॅसिफिकमधल्या एका बेटावर वर्षभर राहिला होता. तिथली भाषा नीट बोलणारा एकच म्हातारा उरला होता. म्हातारा म्हणाला, शिकवतो, पण आधी माझ्या शेतात अळूचे कंद लाव. एतिएननं आठ महिने कुदळ मारली. संध्याकाळी म्हातारा दमलेला असायचा, कारण दिवसभर बसून एतिएनवर लक्ष ठेवायला लागायचं ना!

वर्षाअखेर हातात चार पानं. प्रबंध झाला तीनशे पानांचा, त्यातली दोनशे शहाण्णव पानं त्या चार पानांवरच्या टिपा. पॅरिसच्या परीक्षकांनी विचारलं, वर्षभरात एवढंच हाती लागलं?

"कंद उत्तम आले होते," एतिएननं सांगितलं.

पास केलं त्याला. का, ते तेच जाणोत.

*

आता बुटांचा किस्सा. पोरिरुआला एक मराठी डॉक्टर जोडपं होतं, त्यांच्याकडे आम्ही जेवताना रेकॉर्डिंग करायला गेलो. संमतीच्या फॉर्मवर सह्या झाल्या, मशीन टेबलावर ठेवलं. एतिएन म्हणाला, रोज बोलता तसं बोला. झालं, डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आपण अजून एक पोळी घ्यावी, अशी माझी विनंती आहे." डॉक्टर म्हणाले, "आपल्या हातची पोळी नाकारणं केवळ अशक्य." सव्वा तास हे असं! मी वरणात तोंड घालून बसलो होतो.

शेवटी निघालो. मशीन एतिएनच्या गळ्यात, चालूच, फॉर्मवर 'फाटकाबाहेर पडेपर्यंत रेकॉर्डिंग' असंच लिहिलं होतं. दारात मी बूट आणि तो जँडल्स चढवायला वाकलो, आणि बाई नवऱ्याला म्हणाल्या, पाहुण्यांसमोर तुम्ही माझ्या भावाबद्दल जे बोललात ना, ते मी विसरणार नाहीये. डॉक्टर म्हणाले, तुझ्या भावाबद्दल न बोललेलंच बरं. पुढची पन्नास मिनिटं जी मराठी वाहिली तिला तोड नाही. हातवारे, टोमणे, मध्येच हसू, 'चहा घेता का अजून' ते वेगळंच. एतिएन एका पायावर उभा, चेहरा नुसता फुललेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं जँडल्स डिपार्टमेंटपुरत्या ठेवल्या आणि घरोघरी जायला घोट्याच्या वर येणारे, अठरा भोकांचे बूट आणले. लेस ओवायलाच दहा मिनिटं. सामानाच्या यादीत मला मायक्रोफोनच्या वर ते बूट लिहायला लावले. मराठी माणूस बसून बोलत नाही, निघताना दारात बोलतो, हा त्याचा सिद्धांत. तो निघायचा, बांधायचा, कोणीतरी बोलायला लागलं की परत सोडायचा.

*

मग रिव्ह्यू कमिटी बसली. प्रोजेक्ट चालू ठेवायचा की बंद करायचा यावर. अध्यक्ष म्हणजे टाय लावलेले एक गंभीर गृहस्थ. म्हणाले, इतक्या वर्षांत काय सापडलं, एका वाक्यात सांगा.

"माणसं निघताना खरं बोलतात."

आभार वगैरे मानून मीटिंग संपली. एतिएन त्या दिवशी मुद्दाम बूट घालून आला होता, तो खाली वाकून लेस बांधायला लागला, तर अध्यक्ष दाराच्या चौकटीला टेकून त्याला आपल्या घटस्फोटाबद्दल सांगत बसले, चांगला अर्धा तास. प्रोजेक्टला एक वर्ष वाढवून मिळालं.

*

एकदाच मी त्याला विचारलं, हे दाराचं खूळ खरं कुठलं? तो मशीन पुसत होता. म्हणाला, माझी आजी फ्रान्सच्या ब्रेटनी भागातल्या खेड्यात राहायची. तिला तिची जुनी भाषाच यायची. शाळेत त्या भाषेला हसायचे म्हणून माझ्या आईनं ती मला शिकवली नाही. आजी दिवसभर कोंबड्यांशी बोलायची, माझ्याशी नाही. पण मी सुट्टी संपवून निघालो की दारात उभी राहून माझं तोंड धरून खूप वेळ काहीतरी सांगायची.

काय सांगायची, मी विचारलं.

"तेच तर," तो म्हणाला, आणि मशीनची बॅटरी बदलायला लागला. मला फार वाईट वाटलं.

*

चाळिसावं घर माझं होतं. माझी आई एकोणऐंशी वर्षांची, सांगलीकडची, निवृत्त शाळामास्तरीण. पस्तीस वर्षं वह्या तपासलेली बाई. तिला आठ पानी फॉर्म दिला, तर तिनं लाल पेन मागितलं.

'मला कोणत्याही क्षणी माघार घेता येईल' या ओळीवर फुली. म्हणे, माघारच घ्यायची तर सुरू कशाला करायचं? 'आवाज कायमस्वरूपी जतन केला जाईल' याच्यासमोर तिनं समासात लिहिलं, 'कोणासाठी?' मी म्हटलं, अगं, पुढच्या पिढीसाठी. ती म्हणाली, "पुढची पिढी सोफ्यावर बसलीये. तिला हाक मारली तर 'व्हॉट, आजी' म्हणते."

ईरा, माझी अकरा वर्षांची मुलगी, सोफ्यावरूनच म्हणाली, "आय कॅन हिअर यू, आजी." मराठी सगळी कळते, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये.

आईच्या दुरुस्त्या एथिक्स कमिटीकडे जायच्या, ते दोन महिने घ्यायचे, सुधारलेला फॉर्म आला की आई परत पेन मागायची. सही नाही म्हणजे मशीन लावता येत नाही. एतिएन तरीही दर गुरुवारी यायचा, मशीन पिशवीत बंद. चहा घ्यायचा, निघायचा, दारात लेस बांधायचा आणि सोडायचा. तेवढ्यात आई त्याला अख्खी सांगली सांगायची. माझ्या आजोबांचा स्वभाव, शाळेतली मुलं, बाबांशी झालेलं पहिलं भांडण. यातलं निम्मं मीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. आणि टेप शून्य. एतिएन गाडीत बसला की डोक्याला हात लावायचा.

*

वाढवून मिळालेलं वर्ष संपलं. एतिएनची रिटायरमेंट, परत फ्रान्स, बहिणीकडे. महिनाभर आम्ही आईला सांगत होतो, अगं, तो कायमचा चाललाय. ती म्हणायची, "तो तर दर गुरुवारी चाललेला असतो."

त्या दुपारी बारा वाजता त्यानं मशीन परत केलं. मीच कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. चार वाजता विमानतळावर पोचायचं होतं, बॅगा माझ्या गाडीत. तीनला तो आईचा निरोप घ्यायला आला. नमस्कार केला. आई म्हणाली, "बरं बरं." तो दारात वाकला, अठराच्या अठरा भोकं, शेवटची गाठ मारली.

आई आतून फॉर्म घेऊन आली. शेवटच्या पानावर निळ्या शाईत सही, वळणदार, तारखेसकट.

"घे," ती म्हणाली. "दोन वर्षं बघतेय, बूट बांधतोस आणि सोडतोस. या वयात कंबर धरेल. येत्या गुरुवारी मशीन घेऊन ये, खुर्चीवर बसून बोलेन मी. दारात उभं राहायची गरज नाही."

येत्या गुरुवारी तो इथे नसेल, हे सांगायला मी तोंड उघडलं. एतिएननं माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. निदान फोनवर तरी टेप करावं म्हणून माझा हात खिशाकडे गेला, तेव्हाही हलवली.

मग तो पायरीवर खाली बसला आणि त्यानं लेस सोडायला घेतली.