टाकीतले मासे

पाणी सगळेच पितात. पाण्याची चव घेणारा माणूस मात्र अख्ख्या झाडीपट्टीत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो. मामाजींचा जन्म नागभीडकडच्या एका तलावाच्या पाळीवरचा, धंदा जाळं टाकण्याचा आणि शौक पाणी चाखण्याचा. लग्नाच्या पंगतीत लोक भाजीला नावं ठेवतात, हे पाण्याला ठेवतात. घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "विहिरीचं हाये, पण विहिरीले ऊन लागत नाई." मी नोकरीला आहे त्या कोळशाच्या गावात ते कधीमधी येतात आणि पाण्यावरून थेट हवेवर घसरतात. गच्चीवर उभं राहून नाक फुगवतात नि म्हणतात, "जावईबापू, आमच्याइथी हवा घेतो, इथी चावा लागते." मग सकाळच्या पहिल्या गाडीने परत. कारण विचारलं तर, "तलाव वाट पाहून राह्यला असन."

एवढ्या चोखंदळ माणसाच्या गावात प्यायचं पाणीच वाईट होतं, आणि ते त्यांच्या जिभेला कधी कळलं नाही. चौकातल्या बोरिंगला सरकारी माणसांनी लाल रंग फासला होता. या पाण्याने दात खराब होतात, हाडं धरतात, तळ्यापल्याडच्या विहिरीचं पाणी आणा, असं बजावलं होतं. मामाजी म्हणायचे, "गोड हाये. गोडाले काय लाल रंग देता?" ते गोड पाणी पिऊन त्यांच्या थोरल्या नातीचे, म्हणजे माझ्या मेव्हण्याच्या मोठ्या पोरीचे, दात तपकिरी झाले. पोरगी हसायची ती ओढणीत तोंड लपवून. धाकटी तेव्हा पाळण्यात होती.

मग एकदाची सरकारी योजना आली. नदीवरून पाइप आला, उंच टाकी उभी राहिली, घरोघरी तोट्या बसल्या. धाकटीचे दात तरी वाचतील म्हणून माझी बायको आनंदाने रडली. मामाजींनी पहिला घोट घेतला आणि थुंकून टाकला. "मेलेलं पाणी हाये." झालं! साऱ्या गावाचा भरवसा त्यांच्या जिभेवर. लोक हंडे घेऊन पुन्हा लाल बोरिंगवर. बायको माहेरी जाऊन बापाशी कडाकडा भांडली. तेव्हा ते नरमले आणि म्हणाले, पारख करून पाहू. त्यांच्याकडे नवी विहीर लागली की तिच्यात मासे सोडतात; मासे जगले तर पाणी माणसांचं. एका सकाळी मामाजी कमरेला डबा बांधून टाकीची शिडी चढले आणि तलावातले चार मासे आत सोडून आले. काही दिवसांनी वर जाऊन पाहिलं तर मासे मजेत. टाकीवरूनच ओरडले, "प्या रे, जिवंत हाये!" गाव तोट्यांवर तुटून पडलं.

बातमी योजनेच्या इंजिनीअरबाईंच्या कानावर गेली. बाई तणतणत आल्या, शिडी चढल्या, आणि उतरल्या तेव्हा त्यांचा राग पंप चालवणाऱ्यावर वळला होता. जंतू मारायचं औषध पाण्यात पडलंच नव्हतं. पडलं असतं तर मासे टिकले नसते. "भाऊ, तुमचे मासे मेले पाह्यजे होते," बाई म्हणाल्या. मामाजी हादरले. "मासा मरते अन् माणूस जगते, हे कोणतं पाणी हो बाई?" बाईंनाही हसू आलं. मासे निघाले, टाकी धुतली गेली, औषध पडलं, आणि पाण्याला खरोखरच दवाखान्याचा वास सुटला. सगळं गाव तोटीपाशी जमलेलं, नजरा मामाजींकडे. त्यांनी तोंड वाकडं केलं असतं तर बोरिंगवर पुन्हा रांग लागली असती. माझ्या बायकोच्या कडेवर धाकटी होती. मामाजींनी तिच्याकडे पाहिलं, गडवा भरला आणि एरंडेल घ्यावं तसा रिकामा केला. "कसं हाये?" कोणीतरी विचारलं. पाण्याच्या बाबतीत हा माणूस जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला. "गोड हाये," म्हणाला. मला त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आता धाकटी शाळेत जाते. दुधाचे दात पडून नवे आले, पांढरेशुभ्र. मामाजी तिला तलावातल्या माशांच्या वाट्टेल त्या थापा सांगून हसवतात, आणि ती हसली की बघत बसतात. थोरलीही ऐकते, हसते. ओढणी मात्र तोंडावरून सुटत नाही. परवा असंच चाललं असताना मामाजी मधेच थांबले.

"जावईबापू, टाकी लई उशिरा आली."

"हो ना मामाजी."

"पण बोरिंग तं त्यायनं आधीच लाल केलं होतं."

थोरली उठून आत गेली आणि नळाचं पाणी घेऊन आली. "घ्या आबाजी, घसा सुकला असन." मामाजींनी तिच्याकडे पाहिलं, गडवा तोंडाला लावला, आणि चव न घेताच सगळं पाणी पिऊन टाकलं.