दारावरची मूळ संख्या

वडगाव निंबाळकरच्या शाळेत कौसल्याबाई गणित शिकवायच्या, तेव्हा मूळ संख्या शिकवायच्या दिवशी वर्गात ऊस आणायच्या. फळ्यावर लिहायच्या ७३९३९१३३. एक आणि ती स्वतः सोडून या संख्येला कशानेही निःशेष भाग जात नाही. मग कोयत्याने शेंड्याकडचं एक कांडं तोडायच्या आणि फळ्यावरचा शेवटचा तीन पुसायच्या. उरलेली संख्याही मूळच. आणखी एक कांडं, आणखी एक आकडा. शेवटी फळ्यावर सात उरायचा आणि हातात बुडखा. सातही मूळच. बुडखा सगळ्यात गोड असतो, हे मात्र आम्हाला शिकवावं लागलं नाही.

त्यांचं सासर इंदापूरचं. लग्नानंतर तिथल्यांनी नोकरी सोडायला सांगितली. बाईंनी सासर सोडलं. एसटीतून उतरल्या त्या माहेरी न जाता आधी शाळेत गेल्या, असं गावात अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर गावाबाहेर स्वतःच्या नावावर जागा घेऊन त्यांनी घर बांधलं. दोन खोल्या, पुढे पडवी, दाराशी शेवगा.

आमच्याकडे नव्या घराला बहुधा मुलाचं नाव देतात. बाईंना मूल नाही, म्हणून त्यांच्या धाकट्या भावाने, सर्जेरावांनी, आपल्या विजयसिंहाचं नाव ठरवूनच टाकलं होतं. दारावर ज्याचं नाव, पुढेमागे त्याचंच घर, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी पडवीत तोरण ओवत होते. सर्जेराव आले तेव्हा दारावरच्या भिंतीवर रंगारी सोनबाने रंगवलेले आठ आकडे अजून ओले होते. आकड्यांपुढे थोडी जागा कोरी होती.

“ह्ये काय, आक्का?”

सोनबाच बोलला, “मोबाईल नंबर हाय, तात्या. दोन आकडं द्यायचं राह्यलंय बाईंचं, म्हणून जागा सोडलीया.”

“नंबर न्हाय, सोनबा. संख्या हाय,” बाई म्हणाल्या. “पुरी हाय.”

“मग त्या जागंत पोराचं नाव बसतंय,” सर्जेराव म्हणाले. “न्हायतर उद्या पाव्हणं म्हणतील, रेशनचं दुकान हाय का काय.”

“म्हणू देत. हिच्याफुडं शून्यापासनं नवापत्तूर कुठलाबी आकडा लाव, तिला भाग जातो. जोडायला जागाच न्हाय हिच्यात.”

“तुझ्यामागं ह्ये घर आमचंच न्हवं?”

“माझ्यामागचं मागनं बघ. आज मी हाय.”

“आन खोडलं तर?”

“शेवटून खोड. उरंल त्ये मूळच.”

सर्जेराव हसले. दुरूनच तळहाताने एकेक आकडा झाकत गेले, सातापर्यंत आले.

“आन ह्यो सातबी खोडला तर?”

“मग भिंत उरती,” बाई म्हणाल्या. “आन भिंत माझ्या नावावर हाय.”

सोनबा ब्रश पुसत थांबला होता. “मग कोऱ्या जागंचं काय करू, बाई?”

“ऱ्हाऊ दे तशीच.”

दुसऱ्या दिवशी पूजेला बाई एकट्याच पाटावर बसल्या. सर्जेराव आले, विजयसिंह आला नाही. त्याच्या वाटच्या पोळ्या बाईंनी सोनबाच्या डब्यात घातल्या.