सगुणची खबर

रुक्मिणी आमच्या कारापूरला राहायला आली तेव्हा तिचा सगुण पहिलीत जायचा. माणसं मूळची सिंधुदुर्गातली, दोडामार्गाकडची. नवरा बाबली सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. तो घरी यायचा तेव्हा त्याच्या पापण्यासुद्धा खनिजाच्या धुळीने लाल असायच्या. रुक्मिणी पाण्याची बालदी दाराबाहेर ठेवायची आणि म्हणायची, "आधी माणूस होवन ये, मगे घरात ये."

आमच्या मागच्या जमिनीत ती तांबडी भाजी, मुळे, अळसांदे लावायची आणि साखळीच्या बाजारात नेऊन विकायची. गिऱ्हाईक जुडी उलटीपालटी करून बघायला लागलं की म्हणायची, "बाय, भाजी घेतंस काय भाजयेची पत्रिका बघतंस?" लोक हसत आणि घेत. तिच्याइतकं मोकळं हसणारं माणूस आमच्या वाड्यावर दुसरं नव्हतं. आज तिच्याविषयी लिहायला बसल्यावर मला आधी ते हसणंच ऐकू येतं, म्हणून तेच आधी लिहिलं.

सगुण एकुलता. बोलायला कमी, कामाला पुढे. त्याचा मित्र इनास, खालच्या अंगाला राहणाऱ्या ख्रिस्ती घरातला. दोघे मराठी शाळेत एका बाकावर बसले ते कॉलेजपर्यंत एकत्र राहिले. इनास डिचोलीच्या चर्चच्या युवक गटात होता. नोव्हेंबर संपत आला की जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, म्हणजे जत्रा, येतं. आम्ही सगळे त्याला गोंयचो सायब म्हणतो, हिंदूही म्हणतात. फेस्ताआधी हा गट पायी निघायचा. पहाटे डिचोलीहून नार्व्याला, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर, आणि बेट ओलांडून पुन्हा बोटीने जुन्या गोव्याला. दिवाडीवर म्हाताऱ्या माणसांचा एक आश्रम होता. तिथे सकाळभर थांबून ही मुलं म्हाताऱ्यांना न्हाऊ घालत, नखं कापत, पेज वाढत, आणि मग पुढे जात. सेवेशिवाय यात्रा नाही, असा त्यांच्या धाकट्या पाद्रींचा नियम होता.

इनासबरोबर सगुणही जाऊ लागला. रुक्मिणीला कुणीतरी खोचून विचारलं, "तुझा झील पाद्र्यांमागे चालता?" ती म्हणाली, "देवीकडे जा नायतर सायबाकडे जा, पाय आपलेच दुखतत."

एका पावसाळ्यात रुक्मिणीच्या छातीत गाठ आली. बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात सगुणच तिला घेऊन जायचा. तपासणीत गाठ साधी निघाली. त्या दिवशी बसमधून येताना सगुण तिला म्हणाला, "आई, सायबाक मी एक आंगवण केलंय." आंगवण म्हणजे नवस. तो फिटेपर्यंत कुणाला सांगायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून तिने विचारलं नाही. पुढेही विचारायचं राहून गेलं. घाई कसली होती?

पुढच्या मे महिन्यात सुर्ल्याच्या वळणावर सगुणची मोटारसायकल खनिजाच्या ट्रकखाली आली. ट्रक बाबलीचा नव्हता, दुसऱ्या कुणाचा होता. पण बाबलीच तिथे आधी पोचला. बारावा झाला आणि तो परत कामावर गेला. "दुसरा काय येता माका?" एवढंच म्हणाला.

रुक्मिणीने अंथरूण धरलं. भाजी उभीच्या उभी फुलावर गेली. आम्ही बायका आळीपाळीने डबा न्यायचो, तो तसाच परत यायचा. मी माझ्या मुलीला, सुमंगलाला, मोटारसायकलवर मागे बसायलाही बंदी केली होती. दुसऱ्याच्या घरातलं दुःख बघून आपण आपल्या दाराला कडी घालतो, तसं.

चतुर्थी झाल्यावर एक दिवस रुक्मिणी स्वतः उठून माझ्या दारात आली. न्हालेली, केस बांधलेले. "वयनी," ती म्हणाली, "झिलाची आंगवण रवली."

आंगवण न फेडता माणूस गेला तर त्याला पुढची वाट मिळत नाही, अशी तिची समजूत. पण नवस कसला ते कुणाला ठाऊक? ती इनासकडे गेली. इनास खाली मान घालून म्हणाला, "माका खबर ना, मावशी." मग ती गावच्या देवीकडे गेली. आमच्याकडे देवीच्या मूर्तीला ओल्या फुलांच्या पाकळ्या लावून प्रश्न विचारतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. रुक्मिणी एकेक विचारत बसली. सायबाला मेणाचं काळीज द्यायचं होतं का? डावी. चर्चमध्ये नवसाची प्रार्थना, मिसा, सांगायची होती? डावी. शेवटी गुरव वैतागला.

"गे बाय, सायबाचा सायबाक विचार. देवीक दुसऱ्याच्या घरातला कित्याक विचारतंस?"

"तुमची देवी शेजारीण मा तेची? शेजारणीक सगळा म्हायत असता."

आपल्या उंचीइतकी मेणबत्ती द्यायची होती का, असं विचारल्यावर उजवी पाकळी पडली.

तेव्हापासून ती पुन्हा जेवू लागली. सगुणची उंची मोजायला तिने इनासला दाराच्या चौकटीला उभा केला. "तो तुझ्या कानाक लागी," म्हणत कानापाशी सुतळी धरली आणि खाली पायापर्यंत सोडली. इनास डोळे मिटून उभा होता. ती सुतळी घेऊन ती म्हापशाला गेली आणि मेणबत्ती करून घेऊन आली. वाफा परत खणला. बाबली मला म्हणाला, "ताई, ती मेणबत्ती विझली काय हिचा कसा होतला?" 

त्या वर्षी सुमंगलालाही गटाबरोबर जायचं होतं. तिच्या वर्गातल्या दोन मुली होत्या. मी नाही म्हटलं, मग ती रुसली, मग मीच बरोबर जायचं ठरवलं. नार्व्याच्या रस्त्यावर उजाडायच्या आतच ट्रक सुरू होतात. प्रत्येक ट्रक मागून आला की मी सुमंगलाचा दंड धरून तिला गटारापर्यंत ओढायचे. ती "आई, पुरे!" म्हणायची. पुढे मुलं जपमाळ म्हणत होती. रुक्मिणी अनवाणी, खांद्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली मेणबत्ती.

"मावशी, ही बंदूक खंय व्हरता?" एका मुलाने विचारलं.

"तुझ्यासारख्या वटवट्यांसाठी. चल फुडे, नायतर मारतंय."

सगळे हसले. तीही हसली. कितीतरी महिन्यांनी.

आश्रमात पोचल्यावर मुलं कामाला लागली. रुक्मिणीने मेणबत्ती भिंतीला टेकवली आणि पेजेचं भांडं हातात घेतलं. कोपऱ्यातल्या खाटेवर पेद्रू नावाचा म्हातारा बसला होता. आयुष्यभर बोटीवर खलाशी, आमच्या बोलीत तारवटी, होता, आता पाय गेले होते. इनासला बघताच त्याने दोन्ही हात पुढे केले.

"सगुण खंय? हीं तुमचीं भुरगीं नखां कापतात काय बोटां?"

इनास तिथेच थिजला. रुक्मिणी पुढे झाली. "कोणाक विचारतास, बाबा?"

"सगुणाक. तूं कोण?"

"मी तेची आवस."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "अरे देवा! ती गांठ आशिल्ली, ती तूंच? बरी जालीस मगो?" आणि तो सांगतच सुटला. गेल्या वर्षी सगळे पुढे गेले, पण सगुण मागे राहिला. दिवसभर त्याने एकट्याने सगळ्या म्हाताऱ्यांची दाढी केली, न्हाऊ घातलं, चादरी धुतल्या. आईची गाठ साधी निघाली तर एक दिवस इथे सेवा करीन, अशी त्याची आंगवण होती. संध्याकाळी हात पुसत म्हणाला, पेद्रूबाब, फिटली म्हजी आंगवण.

रुक्मिणीने भांडं खाली ठेवलं.

"फिटली?" तिने इनासकडे बघितलं. "तुका म्हायत होता?"

"होय, मावशी."

"मगे?"

इनासला रडू आवरेना. "तूं उठून बसल्ली, मावशी. जेवूंक लागल्ली. फिटली म्हण सांगलें जाल्यार तूं परत हांतरूण धरतली, म्हण भियेलों."

 तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बाजारात सगळी भाजी खपल्यावर रिकाम्या टोपलीकडे बघावं, तशी ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. मुलासाठी करायचं एकच काम तिच्याकडे उरलं होतं, आणि तेही तो स्वतःच करून गेला होता.

पेद्रूला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, "पूण तो आसा खंय? येवंक ना?"

मी तोंड उघडणार होते. त्याआधी रुक्मिणी बोलली, "बोटीर गेलो."

"बोटीर! कसली बोट?"

"मोठी. माल व्हरतत ती."

"शाबास! हांवें सांगिल्लें ताका, तुजे हात तारवट्याचे म्हण." आणि म्हाताऱ्याने पुन्हा हात पुढे केले. रुक्मिणी खाटेच्या कडेला बसली आणि त्याची नखं कापू लागली.

जुन्या गोव्याला ती गेलीच नाही. "माझा थय आता काय काम?" म्हणाली. मेणबत्ती इनासच्या खांद्यावर दिली. "लावून ये. सायबाक सांग, ही फुकटची." सुमंगला गटाबरोबर पुढे गेली. पहिल्यांदाच माझ्याशिवाय बोटीत चढली. मी रुक्मिणीजवळ थांबले. पाकळी चुकली कशी, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "देवी काय करतली, वयनी? मीच किती विचारी होतंय. शेवटाक होय म्हटल्यान बिचारीन."

पुढच्या वर्षीही ती गटाबरोबर दिवाडीपर्यंत गेली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. पेद्रूला सगुणची खबर द्यायला. खबर अशीतशी चालत नसे. पेद्रू सगळी बंदरं पालथी घातलेला. "डिसेंबरात थंय बर्फ आसता, बोट लागना," असं म्हणून तो तिला अडवायचा. म्हणून ती दसऱ्यापासूनच माझ्याकडे येऊन बसायची. मी सुमंगलाच्या जुन्या नकाशातून बंदरं काढून द्यायचे, ती पाठ करायची. सगुणला बढती मिळाली. सगुणला बोट लागून उलट्या व्हायच्या, त्या बंद झाल्या. सगुणने आईला घड्याळ पाठवलं, पण ती ते घालत नाही, शेणात हात घालायचे असतात म्हणून.

बाबलीला हे पटत नव्हतं. एकदा माझ्यादेखत ओरडला, "मेलेल्या झिलाक कामाक लावलंस?"

"जिवंत असताना तू खय लावलंस?" ती शांतपणे म्हणाली. बाबली उठून बाहेर गेला.

घरी किंवा बाजारात ती असलं काही कधी बोलली नाही. वर्षश्राद्ध तिने वेळेवर केलं, फोटोला हार घातला. तिला वेड लागलं होतं असं कुणी समजू नये. एका म्हाताऱ्याच्या डोक्यात तिचा मुलगा जिवंत होता, आणि तेवढी जागा तिने सोडली नाही, इतकंच.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभे राहिले, रस्ते निवांत झाले. माझ्यासारख्या आयांना बरं वाटलं, पण तसं बोलायची सोय नव्हती. बाबली घरी बसला. दोडामार्गाला परत जायची बोलणी सुरू झाली. त्या वर्षी दसरा उलटला तरी रुक्मिणी माझ्याकडे बंदरं विचारायला आली नाही. "ह्या वर्षी दुसरी खबर असा," एवढंच म्हणाली.

आम्ही दोघी गटाबरोबर दिवाडीला पोचलो. कोपऱ्यातल्या खाटेवर दुसराच कुणी म्हातारा पडला होता. आश्रमातल्या सिस्टरने सांगितलं, पेद्रू पावसात गेला. झोपेतच.

रुक्मिणी त्याच खाटेपाशी गेली. मग बसली आणि त्या नव्या म्हाताऱ्याची नखं कापू लागली. त्याने काही विचारलं नाही. त्याला ऐकूच येत नव्हतं.

मुलं पुढे जुन्या गोव्याला गेली. आम्ही दोघी मागे फिरून नार्व्याच्या बोटीत बसलो. बोट सुटल्यावर ती म्हणाली, "वयनी, ह्या वर्षी मी तेचा लगीन जमवलंला."

मी तिच्याकडे बघितलं.

"पेद्रू सारखो विचारी, लगीन कधी, लगीन कधी. म्हटला, चल, करून टाकूया." ती पाण्याकडे बघत होती. "आता सगुण खयच नाय, वयनी."

बोटीचं इंजिन धडधडत होतं.  मी विचारलं, "मुलगी कुठली बघितलीस?"

"पेडण्याची," ती लगेच म्हणाली. "शिकलेली, शाळेत शिकयता. जरा सावळी असा, पण नाकाडोळ्यान बरी. आमच्या सगुणाक गोरी कित्याक होई? बाबलीक हुंडो नको, मी आधीच सांगलंय." मग मांडव कुणाच्या दारात, वरात कशी, इनासला कुठला कोट, सगळं ती सांगत गेली. मी मध्ये मध्ये विचारत गेले. नार्व्याचा धक्का आला, लोक मोटारसायकली ढकलत उतरू लागले, तिकीटवाला आम्हाला "उतरा गे बायांनो" म्हणून हाका मारू लागला, तरी जेवणात काय करायचं ते ठरायचं होतं.