चटईची संमती

तोआकासेचं नाव तिच्या आत्याने ठेवलं. वावाऊ बेटावर ते आत्याचंच काम असतं. आई पोटात वागवते, नाव वडिलांची बहीण ठेवते. नावाबरोबर पोरगीही जवळजवळ आत्याचीच झाली. तेमालेती आत्या गावच्या शाळेची मुख्याध्यापिका. ती घरात शिरली की तोआकासेचे वडील बाजूच्या दाराने अंगणात निघून जात आणि ती गेल्यावरच परत येत. आई म्हणायची, ही भीती नाही, मान आहे. तोआकासेला त्या दोन शब्दांतला फरक पुढेही कधी नीट कळला नाही.

ती मोठी होऊन त्याच शाळेत, आत्याच्याच हाताखाली शिक्षिका झाली. सहावीचा वर्ग. वर्षअखेरीला परीक्षा, आणि परीक्षेत पडलेली मुलं बापाच्या मागून कंदाच्या मळ्यात किंवा होडीवर. मागचे बाक दरवर्षी रिकामे होत आणि दरवर्षी नव्याने भरत. यात विचारण्यासारखं काही आहे, असं तिला चाळिशीपर्यंत वाटलं नव्हतं. मग शिष्यवृत्ती निघाली, फिजीत सुव्याला जाऊन शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर अभ्यास करायचा. जावं की नाही हे घरात कुणी तिला विचारलं नाही. तोवर निवृत्त झालेली आत्या म्हणाली, "जा." ती गेली.

सुव्यात पहिला विषय होता संशोधन पद्धती. शिकवायला डॉ. माकेरेता, फिजीच्याच, ठाम आवाजाच्या. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं, की तुम्हाला जे ठाऊक आहे ते दाराबाहेर ठेवा, इथे फक्त जे विचारून कळेल तेवढंच खरं. तोआकासे अशा घरातली, जिथे लहानाने मोठ्याला प्रश्न करायचा नसतो. जवळ बसायचं, अळकुड्या सोलू लागायचं, वाट पाहायची. उत्तर आलं तर आलं. सरावाच्या मुलाखतींत ती प्रत्येक प्रश्नाआधी माफी मागायची आणि वर्ग हसायचा.

"माफी कसली मागतेस?" माकेरेता म्हणायच्या. "विचार. गप्प बस. मग परत विचार."

हळूहळू ती शिकली. नमुना कसा निवडायचा, एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या म्हणण्यावर कसं घासून बघायचं, समोरचा थांबला की आपण न बोलता ती शांतता कशी ताणायची. आपल्या गप्प बसण्याने माणसं बोलायला लागतात, हे तिला कळलं आणि त्याची तिला चटक लागली. ती चांगली गोष्ट नव्हती, पण त्या चटकेला तिथे गुण मिळत होते.

तिचा विषय ठरला: मुलगे सहावीतच शाळा का सोडतात. सुट्टीत ती गावी गेली आणि आत्याच्या स्वयंपाकघरात बसली. मध्ये फोन ठेवला, आवाज टिपायला. तुमचं नाव कुठेही येणार नाही, असं तिने सांगितलं, तेव्हा आत्या हसली. नाव लपवायला मी कुणाची कोंबडी चोरली का, म्हणाली. दोघी अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध बांधत होत्या. तोआकासेने एक प्रश्न विचारला आणि गप्प बसली. आत्याही गप्प. मग आत्याचे हात थांबले.

"सिओसिउआ उत्तर देत नव्हता," ती म्हणाली. "मला वाटलं, माजलाय. कानाखाली दिली. तरी गप्प, म्हणून परत दिली. नंतर कळलं, त्याला प्रश्नच समजला नव्हता. त्या कानाने अजून ऐकू येत नाही त्याला. दुसऱ्या दिवशी त्याचा बाप चटई घेऊन माझ्या दारात बसला. माफी मागायला. पोराने बाईंना राग आणला म्हणून. आणि मी ती चटई घेतली, तोआ."

सिओसिउआ परत शाळेत आला नाही. आता तो चर्चचा कारभारी होता, गावातला सर्वांत सौम्य माणूस.

ती कबुली म्हणजे तोआकासेच्या प्रबंधाचा कणा होता, हे तिला तिथेच कळलं. फक्त एक नियम आड येत होता. ज्याची मुलाखत, त्याला लिहिलेलं परत नेऊन दाखवायचं आणि हे बरोबर आहे का, छापू का, असं विचारायचं. माकेरेता यात सूट देत नसत. पण आत्यासमोर तिचेच शब्द धरून बरोबर आहे का म्हणायचं, म्हणजे तुम्ही खोटं तर नाही ना बोललात, असं विचारणं. भावाच्या लेकराने आत्याला असं विचारलेलं त्या बेटावर कुणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा तिने आईने विणलेली एक चटई घेतली आणि आत्याच्या दारात मान खाली घालून बसली. बोलली काहीच नाही. तिथे असं कुणी येऊन बसलं की त्याचा एकच अर्थ होतो, चुकलो, पदरात घ्या. आणि चटई घरात गेली की विषय संपला. त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

आत्याने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग चटई उचलली. "ऊठ," म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस. झालं ते झालं."

आत्या काय समजली हे तोआकासेला ठाऊक होतं. नको ते खणून काढलं म्हणून पोर शरमली, आता हे इथेच राहील, असं आत्या समजली होती. पण विमान सुव्याला उतरेपर्यंत तोआकासेने स्वतःला समजावलं, की चटई घेतली म्हणजे होकारच. प्रबंधात तिने लिहिलं: सहभागी व्यक्तीची संमती पारंपरिक रीतीने घेण्यात आली. माकेरेतांनी त्या ओळीखाली रेघ ओढली आणि वर्गात सांगितलं, आपल्या लोकांची पद्धत ही अशी असते, परदेशी पुस्तकांत ती मिळायची नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नावाच्या जागी लिहिलं होतं, मुख्याध्यापिका 'क'. वावाऊचं गाव, तिथली एकच शाळा, त्या काळातली एकच मुख्याध्यापिका. विद्यापीठाने प्रबंध इंटरनेटवर टाकला. ऑकलंडमधल्या कुणा चुलत भावाने तो कावा या मुळांपासून केलेल्या पेयाच्या बैठकीत वाचून दाखवला, आणि तिथून तो फोनवरून गावच्या बैठकीत पोचला. 'क' कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. बहिरा कान कुणाचा, तेही नाही.

ती पदवी घेऊन परतली तेव्हा सिओसिउआ भेटायला आला. चांगला कान तिच्याकडे राहील असा तिरपा उभा राहिला.

"भांडायला आलो नाही, बाई," तो म्हणाला. "माझ्या बापाने ते मिटवलं होतं. त्यात त्याचा मान गेला, पण मिटवलं होतं. आता पोरं येऊन विचारतात, काका, कोणता कान?"

मग ती आत्याकडे गेली. आत्या ओसरीवर चटईसाठी केवड्याच्या पात्या चिरत होती. रागावली नाही. रागावली असती तर सोपं झालं असतं.

"मी मारलं, मीच सांगितलं. त्याचं मला काही नाही," आत्या म्हणाली. "पण तू दारात बसलीस, तेव्हा मला वाटलं, पोर रडायला आलीय. तू परवानगी काढायला बसली होतीस."

"आत्या, पोरांना मारणं थांबावं म्हणूनच लिहिलं मी."

"थांबलं?"

तोआकासेने शाळेच्या दिशेने पाहिलं. नाही म्हणाली.

"बरं," आत्या म्हणाली आणि पुढची पाती घेतली.

त्या दिवसानंतर आत्याने तिला अगंतुगं केलं नाही. या बाई, बसा बाई, पाणी घेता का. शेजारणींसमोरही तसंच. तोआकासे दिवसेंदिवस तिच्याकडे कमी जाऊ लागली. मग राजधानीतल्या अध्यापक महाविद्यालयात तिला नोकरी लागली, संशोधन पद्धती शिकवायची. मुलं तिच्याकडून प्रश्न विचारायला शिकत आणि ती त्यांना गुण देत असे.

थंडीत आत्या गेली. आत्याच्या मर्तिकाला भावाची लेकरं मानाने सगळ्यांत खालची. त्यांनी प्रेताजवळ जायचं नसतं. फाटकी, मोठी चटई छातीपर्यंत गुंडाळून मागच्या अंगणात जमिनीतल्या भट्ट्या पेटवायच्या, सगळ्यांचं जेवण रांधायचं. तोआकासेने ते सगळं केलं. धुराने डोळे गळत होते आणि ते धुरानेच गळताहेत असं सगळ्यांना वाटलं, याचं तिला बरं वाटलं.

दफन झाल्यावर आत्याची मुलगी कालोलाइने कात्री घेऊन मागच्या अंगणात आली. आत्या गेली की भावाच्या लेकरांचे केस कापतात आणि ते आत्याच्या घरचं माणूस कापतं. ज्याचे कापले, तो तिचा. तोआकासेचे भाऊ एकेक करून वाकले. धाकटी बहीण वाकली, तिची जाड वेणी राखेत पडली. मग तोआकासेने आपला अंबाडा सोडला, गुडघे टेकले आणि मान पुढे केली.

कालोलाइने तिच्यासमोर थांबली. लहानपणी दोघी एकाच पांघरुणात झोपत.

"तुमचे राहू देत," ती म्हणाली. "कॉलेजात बरे दिसतात."

आणि कात्री पुसून आत गेली.

तोआकासे थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग कुणीतरी भट्टीवरची माती काढायला हाक मारली, म्हणून उठली. मोकळे केस चटईत खोचताना तिच्या वहिनीने पाहिलं. वहिनी लांबच्या बेटावरून उशिरा पोचली होती, तिला काही माहीत नव्हतं.

"अगं, तुझे कापायचे राहिले का?"

"हो," तोआकासे म्हणाली. "राहिले."