अक्काचं कार्ड

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आमचे वडील म्हणायचे. फारच चिडले की ‘उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग’ ही म्हण पोरीलाच ऐकवायचे. अशा बाईनं हातानं कार्डं बनवायचा नाद धरावा, हे माझं मलाच नवल वाटतं. पण मागच्या हिवाळ्यात दोन-तीन आठवडे मी दुसरं काही केलंच न्हाई, अन् त्याला कारण माझी थोरली बहीण.

सामान माझं नव्हतंच, लेकीचं होतं. ती लग्न होऊन संभाजीनगरला गेली तेव्हा रंगाच्या बाटल्या, चिकट शाईचे पेन, सोनेरी पावडरीचे डबे, सगळं एका बुटाच्या खोक्यात भरून माझ्या कपाटात टाकून गेली. बाटल्यांवर ‘अल्कोहोल इंक’ छापलेलं. सासऱ्यांनी चष्मा लावून त्यातला पहिला शब्द बराबर वाचला अन् दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला न्हाई. मी काही समजावत बसले न्हाई. मला कुठं बसायला वेळ असतो?

तर त्याच लेकीच्या लग्नात, दोन वर्षांखाली, मी एक घोळ घालून ठेवला होता. आमच्यात सख्ख्याच्या घरी लग्नाचं बोलावणं हातानं जातं. पत्रिकेला हळदीकुंकू लावायचं, अक्षता घ्यायच्या, त्यांच्या घरात जाऊन द्यायचं. मी जालनाभर फिरले. नवरा एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लँटमध्ये आहे, त्याच्या साहेबाच्या बायकोला दिली. गल्लीतल्या मारवाडी शेठाणीला दिली. जिच्याशी माझं धड बोलणं न्हाई तिलासुद्धा दिली. राहिली ती अक्का, माझी सख्खी थोरली बहीण, भोकरदनच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली. आधी परक्यांचं उरकू, आपली कुठं पळून चालली, असं म्हणत म्हणत तिचं गाव राहिलं ते राहिलंच. शेवटी हळदीच्या आदल्या दिवशी पत्रिकेचा फोटो काढला, तिच्या मोबाईलवर टाकला अन् खाली लिहिलं, जल्दी ये.

अक्का आली न्हाई. लेकीच्या पाठीशी मावशीनं उभं राहायचं, तिथं माझी जाऊ उभी राहिली. अन् मी काय करावं? मीच रागावले. एवढ्याशा कागदापायी भाचीचं लग्न सोडतं का कुणी, असं फोनवर तिला फाडफाड बोलले. ती फक्त ‘बरं’ म्हणाली. त्यानंतर दोन वर्षं आमचं बोलणं म्हणजे बरं, हो, ठेवते.

मग लेकीला दिवस गेले. सातव्यात डोहाळजेवण माझ्या घरी करायचं ठरलं. लेकीनं साडी मागितली न्हाई, फुलांचे दागिने मागितले न्हाईत. पहिली ओटी मावशीनं भरायची, एवढंच म्हणाली. मावशी येणार नसेल तर मला कार्यक्रमच नको, आई, असं तिनं सरळ सांगून टाकलं. पोटुशी पोर, तिला न्हाई कसं म्हणू?

बाजारातून कार्डं छापून आणली असती तर अर्ध्या दिवसाचं काम. पण अक्काला पुन्हा छापील काही दाखवायची माझी छाती नव्हती. मी खोकं खाली काढलं.

रंगाचं काम माझ्या स्वभावाचं निघालं. चकचकीत फोटोच्या कागदावर दोन-चार थेंब टाकायचे, वरून मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट, अन् ज्यूसच्या नळीनं फुंकायचं. थेंब पळायला लागतात. निळा हिरव्यात शिरतो, कडेला बारीक गडद रेघ सोडतो, अन् तुम्ही दुसरी फुंकर घालेपर्यंत वाळून मोकळा. एका दुपारीच मी दहा-बारा कागद रंगवून टाकले. अडलं ते पुढं. त्या रंगावर चिकट शाईच्या पेनानं लिहायचं, अक्षरांवर पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची अन् गरम हवेच्या यंत्रानं खालून तापवायचं. पावडर वितळते, अक्षरं वर उठून येतात, बोटाला लागतात. लेकीनं फोनवर बजावलं होतं की रंग वरून वाळलेला दिसला तरी आतून ओलसर असतो, एक दिवस पूर्ण जाऊ दे. मी एक तास जाऊ दिला. पावडर अक्षरांवर कमी अन् बाकीच्या कागदावरच जास्त चिकटली. तापवल्यावर कार्डाला खरूज झाल्यासारखं दिसायला लागलं. पुढच्या खेपेला हवा इतकी जवळून मारली की कागदाला फोड आले. नवरा म्हणाला, ओलं बी पोत्यात भरणाऱ्याला आमच्या प्लँटवर गेटातूनच परत धाडतात. त्या दिवशी त्याला भाजी अळणीच खावी लागली.

अक्का असती तर पहिल्याच खेपेला जमलं असतं. आष्टीजवळच्या आमच्या शेतात वडील कापसाच्या बियाण्याचा प्लॉट घ्यायचे, तिथं आम्ही दोघी क्रॉसिंग, म्हणजे संकरित बियाण्यासाठी हातानं पराग लावायचं काम, करायचो. संध्याकाळी कळीची पाकळी अन् आतले केसर नखानं सोलायचे, खुणेला लाल कागद अडकवायचा, अन् सकाळी नर फूल आणून त्याची पावडर त्या सोललेल्या कळीला हलक्या हातानं लावायची. मी घाई करायचे, नख आत लागायचं, कळ्या गळून पडायच्या. अक्का तिची ओळ संपवून माझ्या ओळीत यायची अन् काही न बोलता राहिलेलं काम करून टाकायची. त्या दिवशी पावडरीचा डबा हातात असताना हे आठवलं अन् मला स्वतःची इतकी चीड आली की मी डबा आदळला. सगळी फरशी सोनेरी झाली, ती पुसायला मीच.

शेवटी मी एक उपाय केला. नवे कागद रंगवून आतल्या खोलीत पसरले, बाहेरून कुलूप घातलं अन् किल्ली नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत टाकली. तो संध्याकाळी प्लँटवरून येईपर्यंत मला आत जाताच येईना. दिवसभर मी धुतलेले पडदे पुन्हा धुतले, दोनदा दळण बघून आले, तीनदा कुलूप ओढून बघितलं. पण कार्ड झालं. अकरा बिघडल्यावर बारावं बराबर आलं. हिरव्या-निळ्यावर सोनेरी अक्षरं, एकही कण इकडंतिकडं न्हाई: ‘अक्का, ओटी भरायला ये.’ मी ते किती वेळा बोटानं चाचपलं असेल, सांगता येत न्हाई. दोन दिवसांत बाकीची वीसही झाली.

डोहाळजेवणाला चार दिवस उरले होते तेव्हा सकाळच्या बसनं भोकरदनला निघाले. तीनची परतीची गाडी धरायची, संध्याकाळी गल्लीतली कार्डं वाटायची, असा माझा हिशोब. कंडक्टर एका थांब्यावर चहा प्यायला उतरला तर मी खाली उतरून त्याच्याकडं बघत उभी राहिले. भोकरदनहून पुढं काळी-पिवळी जीप मिळाली, अन् बाराच्या आत मी अक्काच्या अंगणात होते.

अक्का मक्याची कणसं सोलत बसली होती. मला बघून उठली, हात धुतले, घरात नेऊन खुर्ची दिली. ट्रेमध्ये पाणी आणलं. बशीसकट कपात चहा आणला, कुंकू लावलं, ब्लाऊजपीस दिला. मुलांचं विचारलं, सासऱ्यांच्या गुडघ्याचं विचारलं. कशातच काही कमी नव्हतं अन् मला तिथं बसवेना. तिच्या घरी आजवर मी कधी खुर्चीवर बसलेली न्हाई.

मी कार्डाला हळदीकुंकू लावलं, वर अक्षता ठेवल्या अन् तिच्या हातात दिलं. तिनं पदराला हात पुसले. अक्षरांवरून सावकाश बोट फिरवलं. तूच केलंस का, विचारलं. मी हो म्हणाले. किती बिघडले, म्हणाली. अकरा, मी सांगितलं. ती हसली, मला बरं वाटलं, अन् तेवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. ते तिनं बघितलं.

“हे द्यायला आलीस,” अक्कानं विचारलं, “का मला न्यायला?”

माझ्याजवळ एक पर्स होती, मुक्कामाचं बाकी काही न्हाई. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण अक्कासमोर मला ते कधीच जमलेलं न्हाई.

“द्यायला,” मी म्हणाले.

मंग दिलंस की, आता निघ, तुझी गाडी चुकंल, असं ती म्हणाली. आवाजात राग बिलकुल नव्हता. असता तर मी भांडले असते.

रस्त्यावर जीप उभीच होती. एक सीट शिल्लक होती, ड्रायव्हर बसा बसा म्हणून राह्यला होता. मी एक पाय आत टाकला. अन् तिथं, चारचौघांत, मला लाज वाटली. फोटो धाडला तेव्हा मी माझा वेळ वाचवला होता. आताही तेच करून राह्यले होते, फक्त हातानं खपून अन् सोनेरी अक्षरांत. कार्डासाठी मला तीन आठवडे मिळाले, अक्कासाठी तीन तास. मी पाय काढून घेतला. तिथूनच नवऱ्याला फोन केला की मी अक्काला घेऊनच येईन, कार्यक्रमाच्या दिवशी आले तरी. बाकीची कार्डं कोण वाटणार, असं तो ओरडला. तुम्ही, म्हणून मी ठेवला.

परत आले तेव्हा अक्का पुन्हा कणसांपाशी बसली होती. मी समोर जमिनीवर बसकण मारली.

“न्यायला आले,” मी म्हणाले. “तू निघेपर्यंत हितंच हाय.”

तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई. दाणे सोलत सोलतच बोलायला लागली. दोन वर्षं वाट बघितली, म्हणाली, की एक दिवस येशील, अन् तोंडावर भांडशील. फोनवर भांडायला मला जमत न्हाई, असंही म्हणाली. सासरी सगळे विचारत होते, बहिणीचं बोलावणं कसं आलं न्हाई म्हणून. तेव्हा तिनं काय सांगितलं, असं मी भीत भीत विचारलं.

“सांगितलं, ती सवता येऊन पत्रिका देऊन गेल्ती,” अक्का म्हणाली. “मलाच ताप आल्ता म्हणून जाणं झालं न्हाई.”

मला रडू फुटलं. मोठ्यानं, पोरीसारखं. आत तिची सून होती, तिनंही ऐकलं असणार. ज्या घरात माझी निंदा चालली असेल असं मी दोन वर्षं धरून चालले होते, त्या घरात माझी अब्रू शाबूत होती, अन् ती अक्कानं स्वतःवर ताप ओढून राखली होती. तिनं मला रडू दिलं. समजावलं न्हाई, पाणीही आणलं न्हाई. रडून झाल्यावर टोपल्यातली चार कणसं माझ्याकडं सरकवली.

“सोल,” अक्का म्हणाली. “एवढा मका झाला की परवा निघू.”