बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन मला सोसलं नाही

"तुमच्या अंगाला हे इंजेक्शन चालत नाही, आणि तुम्हाला गरज नेमकी त्याचीच आहे," असं स्किनच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मी माझ्या बधिर बोटांकडे बघत होते. नवऱ्याने दोनदा विचारलं, मग दुसरं काही? बाई माझे रिपोर्ट पुन्हा चाळू लागल्या.

मी कोसाडला राहते, घरी साड्यांना लेस लावते. सुरुवात बोटांपासून झाली. सुई टोचायची, रक्त यायचं, मला कळायचं नाही. मग चप्पल पायातून निसटली तरी पत्ता नसायचा. तपासणीत व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्ह फारच कमी निघालं. ते कमी पडलं की नसा दुबळ्या होतात. एक दिवसाआड इंजेक्शन घ्यायचं ठरलं.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर दंडाला खाज सुटली. उकाड्याने असेल म्हणून मी कोणाला बोलले नाही. तिथेच चुकले.

चौथं घेतलं आणि दवाखान्याच्या बाकावरच अंगभर गांधी उठल्या. ओठ सुजले, घसा आवळला. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, म्हणजे ॲलर्जी सगळ्या अंगात पसरून श्वास कोंडते. डॉक्टरांनी मांडीत ते थांबवणारं ॲड्रिनलिन टोचलं. नवरा माझा हात धरून आमच्या अहिराणीत म्हणत होता, "घाबरू नको, मी शे ना आठे." मी आहे ना इथे, असं. त्याचा आवाज येत होता, हात मात्र मला जाणवत नव्हता.

दोन दिवस मोठ्या हॉस्पिटलात ठेवलं. मग महिनाभर औषध बंद, कारण प्रिक टेस्टला तेवढं थांबावं लागतं. प्रिक टेस्ट म्हणजे औषधाचा थेंब ठेवून कातडीला बारीक टोचणं.

तो महिना मी कसा काढला, मलाच ठाऊक. बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढला. एकदा मोरीत पडले. पंधरा वर्षांची मुलगी मला भरवायची. देवाला बरं कर म्हणणं मी सोडलं होतं. उचल म्हणत होते.

टेस्टमध्ये इंजेक्शनाचे दोन प्रकार तपासले. दोन्ही जागी लाल फुगवटे आले. त्याच दिवशी बाई सुरुवातीचं ते वाक्य बोलल्या.

रिपोर्ट मिटून त्या म्हणाल्या, "याच व्हिटॅमिनची जास्त ताकदीची गोळी बघू. पण पहिली माझ्यासमोर घ्यायची."

आधी कणभर तुकडा, मग अर्धी. मध्ये वाट बघायची. अर्धीनंतर मानेला खाज आली. या वेळी मी लगेच सांगितलं. बाईंनी मान पाहिली, सगळं थांबवलं, तासभर शेजारी बसून राहिल्या. गांध उठली नाही. मग पूर्ण गोळी दिली. ती अंगाने सोसली.

आज पाच महिने झाले. बोटांची जाणीव परत आली. डावा तळवा अजून बधिर आहे, तो बरा होईलच असं बाई सांगत नाहीत. मी खाली बघून पाऊल टाकते.

व्हिटॅमिनच तर आहे, असं मीही म्हणत होते. तुम्ही म्हणू नका. इंजेक्शनानंतर साधी खाज आली तरी तिथल्या तिथे सांगा, आणि अर्धा तास दवाखाना सोडू नका.

आता भाजी मीच आणते. पिशवीचे बंद बोटांत रुततात, ते कळतं. घर येईपर्यंत मी हात बदलत नाही.